एक डोकं कमी

महापेला, डेटा सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर
बसडक्टचा शेवटचा तुकडा छताखाली टांगला
तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते.
तीन मीटरचा तुकडा, आत चार पट्ट्या
दाटीवाटीनं, मध्ये फिल्म,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी.

पट्ट्या सरळ असतात,
त्यात आमचं काही नाही, कारखान्यातून तशाच येतात.
आमचं काम एका तुकड्याचं तोंड
दुसऱ्याच्या तोंडाला भिडवायचं.
हात आधी पुसायचे. घामाचा एक ठसा
पट्टीवर राहिला तर वर्षानं तो काळा होतो, मग गरम,
मग कोणीतरी रात्री दोनला फोन करतं.

माझा बाप गोठिवलीच्या खाजणात बांध घालायचा.
खाजण आता नाही, बापही नाही,
त्याचं एक वाक्य आहे:
"बांध मधी नाय फुटत गो, सांध्यान फुटतो."
दोन दिवसांच्या मातीची जिथे गाठ पडते
तिथे तो उभा राहून टाचेनं दाबायचा,
जेवायची वेळ झाली तरी.

आमचा बोल्ट दोन डोक्यांचा.
वरच्या डोक्याला पाना लावायचा, ओढायचं, ओढायचं,
हवा तेवढा ताण आला की ते डोकं
टक् करून तुटतं नि तळहातात पडतं.
खालचं जागेवर राहतं,
पुढेमागे कुणाला उघडावं लागलं तर.

मुकादमभाईंचा नियम, तुटलेलं डोकं फरसाणच्या बरणीत.
बेचाळीस सांधे, बेचाळीस डोकी.
मी मोजली. एक्केचाळीस.
वर्तमानपत्र पसरून पाच-पाचचे ढीग केले.
एक्केचाळीस.

क्लायंटचा पोरगा इंजिनिअर म्हणाला,
"शीटवर बेचाळीस टिक आहेत ना, मॅडम?"
टिका मीच केल्या होत्या.
सहाला लाइन चार्ज करायची होती.
मुकादमभाईंनी चष्मा शर्टाला पुसला.
"डोकं हरवलं असेल, नाहीतर तुटलंच नसेल.
हरवलं असेल तर चहा मी पाजतो."

मग शिडी. पहिला सांधा, दुसरा, शिडी सरकव, तिसरा.
टॉर्च दातात. प्रत्येक बोल्टवर बोट फिरवलं,
तुटल्या जागेची खरखर लागली की पुढे.
सातव्याला मान आखडली.
पंधराव्याला मला माझ्यावरच शंका,
त्या दिवशी दुपारी मी नवऱ्याशी फोनवर भांडत होते,
तो कितवा सांधा होता?

तेविसाव्याचं बाजूचं झाकण लागलेलंच नव्हतं.
आत कोळ्यानं जाळं विणलेलं,
लाल पट्टीपासून पिवळ्या पट्टीपर्यंत,
त्याचाही सांधाच, आणि आमच्यापेक्षा स्वच्छ.
ब्रशनं काढला. कोळी माझ्या बाहीवर चढला,
त्याला खिडकीच्या चौकटीत सोडला. झाकण लावलं,
चारी स्क्रू, दोनदा.

बेचाळिसाव्यापर्यंत सगळी डोकी तुटलेली. मेगरचा आकडा चांगला.
तरी बरणीत एक्केचाळीसच.

पाऊणेचार वाजता मी खाली बसले, पाय पसरून,
आणि समोर, कोपऱ्यातल्या राइझरपाशी,
दोऱ्याच्या टोकाला ते लोंबत होतं.
निवासनं, साताऱ्याकडच्या त्या पोरानं, कामावर चार महिने झालेल्या,
हँगर सरळ रेषेत यावेत म्हणून
त्याचा ओळंबा केला होता.
रात्रभर आम्ही सगळे त्याच्या बाजूनं गेलो.
दोरा जरासुद्धा हलत नव्हता.

"स्टोअरवाल्यानं ओळंबा दिला नाही," तो म्हणाला,
"हे वजनाला बरं वाटलं."
मी ओरडणार होते. डोळ्यांसमोर तेविसाव्याचं झाकण आलं.

सहाला ब्रेकर ओढला. भिंतीला कान लावल्यासारखी
एक बारीक घरघर, मग सवय झाली.
कॅमेऱ्यात सगळे सांधे निळे.
मुकादमभाईंनी सगळ्यांना चहा पाजला,
निवासला दोन कप.
रजिस्टरमध्ये त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं:
डोकी ४१.
अधिक १, निवासकडे, वापरात.